दुभाषी

सकाळी अबांकायमध्ये, व्यापाऱ्यांच्या सभागृहात
सेन्योर साल्सेदो निळ्या कोटात.
तिथे माझं काम नव्हतं. मी मागे कॉफीच्या टेबलापाशी
बिस्किटं खात ऐकत होते:
खाण येईल, खाणीमागून डांबरी रस्ता,
रस्त्यामागून बँक.
आवाज लोण्यात बुडवलेल्या सुरीसारखा.

दुपारी ड्रायव्हरांच्या संघटनेपुढे कोट गाडीतच राहिला.
बाह्या दुमडलेल्या, शिव्या दोन,
मोजून दोन, आदल्या रात्री कागदावर उतरवलेल्या,
अक्षर माझं.
इथे 'खाण' आली नाही. 'काम' आलं, अकरा वेळा.

मग वर. चार तास नुसती वळणं.
एका वळणावर गाडी थांबवून, आरशात बघत
त्यांनी लोकरीची कानटोपी चढवली.
किमतीची चिठ्ठी लोंबत होती,
ती मी दातांनी तोडली.
देश तसा वेश. मी हसले नाही,
माझ्याही पिशवीत शाल होतीच, वर गेल्यावर घ्यायची.

चाल्वापुक्योत साडेचारलाच ऊन पाठ फिरवतं.
शाळेच्या अंगणात माणसं,
अल्पाका कुंपणात घालून आलेली.
बायका सूत कातत बसलेल्या.
भाषण कुणाचंही असो, चाती फिरत राहते.

ते म्हणाले, नोसोत्रोस.
नोसोत्रोस हे झरे जपू,
नोसोत्रोस हा डोंगर जपू.
स्पॅनिशमधला ऐसपैस शब्द,
कुणाचेही पाय बाहेर न राहणारं पांघरूण.

आमच्या केचुआत ते पांघरूण नाही.
न्योकांचिक: यात समोरचाही आला, सरकून जागा दिलेला.
न्योकाय्कु: यात तो नाही,
दार लोटलेलं, आतून फक्त ताटांचा आवाज.
मधलं काही नाही.
तोंड उघडलं की निवडावंच लागतं.

नऊ वर्षं मी पहिलंच निवडत आले.
पैसे त्याचेच मिळतात.
तीन उमेदवार, एक बिशप, विम्याची दोन माणसं,
सगळ्यांना मी एका प्रत्ययावर बसवून
लोकांच्या चुलीपर्यंत नेलं.

आणि मग साल्सेदो म्हणाले,
नोसोत्रोस श्रीमंत होऊ.

सकाळचं बिस्किट अजून दाढेत होतं.
मी म्हणाले: न्योकाय्कु.
आम्ही श्रीमंत होऊ.

व्याकरणात चूक नाही.
त्यांच्या शब्दाला ओरखडाही नाही.
धीट होते असंही नाही, जीभच तिकडे वळली.

चात्या थांबल्या.
वाऱ्याने माइकमध्ये जरा खाकरून घेतलं.
पहिल्या रांगेतल्या मामा सेबेरिनाने
लोकर मांडीवर ठेवली आणि विचारलं,
न्योकाय्कुरी?
आणि आम्ही?

माझ्याकडे बघून विचारलं.
या गावापासून दोन टेकड्यांपलीकडे
माझी नाळ पुरलेली आहे, हे तिला माहीत होतं.
आणि तिच्या त्या 'आम्ही'त मी नव्हते.
दार लोटलेलं,
आणि बाहेर पायरीवर मी, कानटोपीवाल्या माणसाशेजारी,
खांद्यावर शाल.

"काय म्हणते ती?" साल्सेदो कानाशी आले.
मी प्रामाणिकपणे भाषांतर केलं:
"विचारतेय, आणि नोसोत्रोस?"
त्यांचा चेहरा उजळला.
"अगदी बरोबर!" ते माइकमध्ये ओरडले,
"नोसोत्रोस! हेच तर मी सांगतोय!"
आणि मूठ वर केली.

टाळ्या दोघातिघांनी वाजवल्या, थंडीही होती.

उतारावर अंधारात ते म्हणाले, वर मजा आली,
यांना फार सांगावं लागत नाही.
उद्या अंदावायलास. बटाट्यावर दोन विनोद लिहून ठेव,
फार शहरी नकोत.
मी लिहिले.
एक बरा जमलाय.

पेनाचं टोपण शोधताना खिशात
ती चिठ्ठी लागली, पंचेचाळीस सोल,
एका कोपऱ्यात दाताची खूण.